तिसरी बाटली लिहून देण्याआधी

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र

सन्माननीय महोदय,

आईचा उजवा डोळा लाल झाला तेव्हा आमच्या तासगावच्या बागेत द्राक्षांची विरळणी चालू होती. सगळ्यांनी ठरवलं, फवारणीची ॲलर्जी. दवाखान्यातून स्टेरॉइडचे थेंब मिळाले. लाली उतरायची, बाटली संपली की परत यायची. दीड वर्ष असंच गेलं. दुखत नव्हतं, म्हणून तीही काही बोलली नाही. एका दुपारी तिला उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि खालची पापणी ओढली, तर आत पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी, गुळगुळीत, मांसल पट्टा.

तो लिम्फोमा निघाला. म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, पापणी, अश्रुग्रंथी, खोबण, कुठेही तो होऊ शकतो. खोबणीत वाढला तर डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात. यातला नेहमी आढळणारा मार्जिनल झोन प्रकार सावकाश वाढतो आणि किरणोपचारांनी चांगला आटोक्यात येतो. आईला तोच होता. पट्टा गेला, नजर शाबूत आहे. पण तुकडा काढून तपासेपर्यंतचा सगळा खर्च आमच्या खिशातून झाला, आणि मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईच्या चार खेपा.

डोळ्याच्या आतला लिम्फोमा याहून घातक. साठीपुढच्या माणसाला धुरकट दिसतं, नजरेपुढे ठिपके तरंगतात आणि ती आतली सूजच वाटते. स्टेरॉइडने बरं वाटतं, पण त्याच औषधाने पेशी मरतात आणि नमुन्यात रोग सापडत नाही. हा रोग मेंदूतही असू शकतो, तिथे उशीर परवडत नाही.

साहेब, मोतीबिंदूच्या शिबिरात गावोगावची म्हातारी माणसं येतातच. दोन्ही पापण्या उलटून बघायला एक मिनिट पुरतं. तसा लेखी आदेश काढा. थेंबांनी उतरून पुन्हा आलेल्या लालीला तिसरी बाटली न देता तज्ज्ञाकडे पाठवायचं, हेही त्यात लिहा. तुकड्याच्या सगळ्या तपासण्या जिल्ह्यातच आणि सरकारी खर्चाने व्हाव्यात. महात्मा फुले योजनेचं कार्ड हातात असूनही निदानासाठी कुणाला बागेवर कर्ज काढावं लागू नये.

आमच्या शेजारच्या काकूंचा डोळा दिवाळीपासून लाल आहे. उद्या त्यांना घेऊन मिरजेला निघाले आहे.

आपली,
तासगाव तालुक्यातली एक मुलगी