भायखळ्याच्या क्लिपवाल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं नाही. वीस रुपये दिले, "येतो" म्हणालो, तोवर तुम्ही समोर लागलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात चढलातसुद्धा. परभणीला परतून आज नऊ दिवस झाले. रात्री दिवा मालवला की तोच फलाट डोळ्यांपुढे येतो, म्हणून लिहायला बसलो. भायखळ्याहून रोज जाणाऱ्या कुणाच्या तुम्ही ओळखीच्या असाल, तर त्यांनी एवढं वाचून दाखवावं.

ओळख पटावी म्हणून सांगतो. पिवळी टोपी घातलेलं साडेपाच वर्षांचं लेकरू आणि घामाने निथळणारा, एका पायातली चप्पल गमावलेला त्याचा बाप. तो बाप मी.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना मुंबई दाखवायची म्हणून देवगिरी एक्सप्रेसने आलो होतो. निघण्याआधी एकेका नातलगाने एवढ्या लांब याद्या दिल्या. हे बघा, तिथे खा, अमुक चुकवू नका. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे मात्र एकालाही सांगावंसं वाटलं नाही. बुधवारी फाटकावरून परत फिरलो, गुरुवारी पुन्हा गेलो. पेंग्विन पाहिले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती पाहिला. घारापुरीचा हा हत्ती उचलून नेताना तुटला होता आणि मागाहून जोडला, असं मी सांगितल्यावर लेकरू त्याचे सांधे शोधत अर्धा तास तिथेच. धाकटी दीड वर्षाची, आईच्या खांद्यावर पेंगलेली. बाहेर पडल्यावर लेकराला लघवीला लागली. वाटेतल्या एका चकचकीत हॉटेलात विचारलं तर "ओन्ली कस्टमर". तीन चहा घेतो म्हटलं, तर मिनिमम ऑर्डर सांगितली. दादर म्हटल्यावर चार टॅक्सीवाल्यांनी काच वर केली. मग लोकल.

संध्याकाळचे सहा. ठाण्याला साडूकडे मुक्काम होता. मी मास्तर माणूस, गप्प बसवत नाही. फलाटावर लेकराला सांगत होतो, की १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच वाटेने, आणि आज आपणही ठाण्यालाच चाललोय. तेवढ्यात लोकल आली. बायको धाकटीला घेऊन लेडीज डब्यात शिरली, आम्ही दोघं शेजारच्या डब्याकडे धावलो. मागून लोंढा आला आणि त्याने मला उचलून आत टाकलं. माझ्या एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हातात काहीच नव्हतं.

दारातल्यांना ओरडून सांगितलं, लेकरू खाली राहिलंय. एकजण म्हणाला, "छोटे बच्चे लेके इस टाइम निकलते ही क्यों हो?" प्रश्न बरोबर होता. पण ती वेळ नव्हती हो.

चिंचपोकळीला उडी टाकली, उलटी लोकल धरली, चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. बायकोला फोन लागला तेव्हा ती दादरला पोहोचली होती. त्या दहा-बारा मिनिटांबद्दल आम्ही दोघं घरात अजून एक शब्द बोललेलो नाही.

पुलावरून मला आधी पुठ्ठा दिसला. रंगीबेरंगी क्लिपांचा, चमचमणारा. मग त्याच्यामागे पिवळी टोपी. आणि खाली फरशीवर उकिडव्या बसलेल्या तुम्ही.

मी धापा टाकत जवळ आलो तर पोरगं म्हणतं, "पप्पा, थांबा ना. दोन कमी येतायत."

ताई, मला आभार मानायचेत ते या पुठ्ठ्याचे. लेकराला सांभाळलंत हे तर आहेच. पण रडणाऱ्या पोराला लोक काय करतात? बिस्कीट देतात, मोबाइल दाखवतात, नाहीतर दहाजण घेरून "नाव काय, गाव काय" करून आणखी घाबरवतात. तुम्ही त्याला काम दिलंत. "माझा माल मोजून दे, मला हिशोब लागतो." त्याने नंतर सगळं सांगितलं. एकोणतीसनंतर तो नेहमीच चाळीसवर उडी मारतो, मास्तराचं पोर असून. तुम्ही म्हणालात, "तिसाला खाल्लंस की! परत मोज." दुसऱ्यांदा छत्तीस बरोबर आले. बापाला परत आणणारी गाडी अजून आली नव्हती. मग तिसऱ्यांदा मोजायला लावलंत, आणि या वेळी चौतीसच भरले.

त्याच जागी का थांबलात, असं मी विचारलं. दुसऱ्या कुणीही त्याला कुठल्या तरी खोलीत नेऊन बसवलं असतं आणि मी फलाटभर वेडापिसा झालो असतो. तुम्ही म्हणालात, "बाप येडा असला तरी सोडलं तिथंच शोधणार ना, भाऊ." येडा हा शब्द मी मुकाट्याने घेतला.

एक गोष्ट मात्र घरी आल्यावर कळली. परवान्याशिवाय गाडीत किंवा स्टेशनात काही विकणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे खाकी दिसली की तुम्ही माल पिशवीत कोंबत असणार. आणि त्या दिवशी अख्खा पुठ्ठा उघड्यावर, तोही रडक्या पोराच्या हातात, आणि भोवती माणसं जमलेली. वर ऐन धंद्याची वेळ. तेवढ्यात निदान तीन गाड्या तुमच्यासमोरून गेल्या असतील. मुंबईच्या माणुसकीवर भाषणं देणाऱ्यांचा मला आधीपासून कंटाळा आहे. शहर काही कुणाला सांभाळत नाही. त्या गर्दीत मला आत ढकलणारेही होते आणि खाली बसणाऱ्या तुम्हीही होतात.

मी पाचशेची नोट काढली तर तुम्ही वैतागलात, "छुट्टा दे ना!" खिशात वीसची एक निघाली. तेवढीच घेतलीत आणि पुठ्ठ्यावरून गुलाबी क्लिपांची जोडी काढून दिलीत, धंद्याचा भाव लावून. धाकटीला केस जेमतेम आहेत. क्लिप लावली की घसरून कानावर येते, तरी काढू देत नाही.

शेजारीपाजारी लेकराला विचारतात, मुंबईत काय पाहिलंस? त्यांना समुद्र ऐकायचा असतो, पेंग्विन ऐकायचे असतात. तो सांगतो, एका मावशीकडे छत्तीस क्लिपा होत्या. दोन तिने मुठीत लपवल्या होत्या. मला दिसल्या, पण मी काही बोललो नाही.