मृगाआधी सावर्ड्याला

पुणे, १२ मे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई, तू "घे, बाबांशी बोल" म्हणून मोकळी होतेस. आणि बाबा, तुमची नेमकी तेव्हाच रेंज जाते. म्हणून कागदावर लिहितेय. दुपारची भांडी झाली की पडवीत बसून दोघांनी एकत्र वाचा. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईचा चष्मा अजून बदलायचा राहिलाय.

आधी सांगून टाकते. सावर्ड्याला घर घेतलंय भाड्याने, जून ते सप्टेंबर. आगाऊ पैसे देऊन झाले. दादाशी बोलूनच दिले. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतंय, दोन रात्री झोप नाही त्यापायी. पण विचारलं असतं तर तुम्ही "उगीच कशाला" म्हणाला असतात आणि मी पुन्हा ऐकलं असतं. शिमग्यात ऐकलं होतंच.

आई, त्या संध्याकाळचा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. साडेसात वाजले होते. दुसऱ्या दिवशी पालखी घरी यायची, पुरण शिजत होतं. तू म्हणालीस, दाढ ठणकतेय, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये भरून आलंय, मळमळतंय, पित्त झालं असेल. घामाचं विचारलं तर "चुलीपुढे घाम येणारच की". आणि मी, तुझी लेक, काय म्हणाले? पित्ताची गोळी घे आणि पड जरा. मग मी फोन ठेवून माझ्या कामाला लागले. तू गोळी घेतलीस, वर आलं-लिंबू घेतलंस, पुरणही वाटलंस. पहाटे तीनला बाबांचा हात लागला तेव्हा तुझी उशी घामाने भिजली होती आणि तुला आडवं पडवत नव्हतं. तरी तुम्ही दोघं उजाडायची वाट बघत बसलात. शेजारच्यांची झोप मोडायला नको म्हणून.

छातीत कळ आलीच नाही, मग हार्ट अटॅक कसा, असं तू अजून विचारतेस. मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, चौदा वर्षांचा मधुमेह आहे, त्यात नसांची जाणीव बोथट होते, दुखणं दुखल्यासारखं कळतच नाही. बायकांमध्ये तर पुष्कळदा दम लागणं, मळमळ, कमालीचा थकवा, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच होतं. टीव्हीवर छातीला हात लावून माणूस कोसळतो, तसं प्रत्येकाचं होत नाही. म्हणजे तू काही लपवलंस असं मी म्हणत नाही गं. तुला कळलं नाही, बाबांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. आता मात्र तिघांनाही माहीत आहे.

आणि ती पाखाडी. साडेपाचला तू चांगलं लुगडं नेसून चौऱ्याऐंशी पायऱ्या स्वतःच्या पायाने चढलीस, तीनदा बसत. बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही तिचा हात धरून होतात. पण रक्तवाहिनी बंद झालेल्या हृदयाला त्या चौऱ्याऐंशी पायऱ्या म्हणजे काय, हे मला डेरवणच्या रुग्णालयात कळलं. वाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला रक्त पोचत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास तो मरायला लागतो, मग तासागणिक जास्त. मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, त्याचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. आपण पोचलो तेव्हा बारा तास होऊन गेले होते, म्हणून सरळ अँजिओप्लास्टीला घेतलं. दोन स्टेंट पडले. हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आलंय, निरोगी माणसाचं पंचावन्नच्या वर असतं. गोळ्यांनी थोडं सुधारेल असं डॉक्टर म्हणालेत, आणि मी त्यावर विश्वास ठेवून आहे.

म्हणून सावर्डं. आपल्या वाडीतून पाखाडी चढा, मोडकाआगर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूण, तिथून पुढे हायवेने. उन्हाळ्यात दोन तास. आषाढात रस्त्यावर झाड पडलं की किती, ते तुम्ही मला सांगा. चिपळूणलाच बघत होते, पण २०२१ च्या जुलैमधला वाशिष्ठीचा पूर आठवला की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, ते मला माहीत आहे. सावर्ड्याहून डेरवणचं रुग्णालय हाकेवर आहे, तिथे अँजिओप्लास्टी होते, आईची फाइलही तिथेच आहे.

घर तळमजल्यावर आहे, एकही जिना नाही. संडास घरातच, कमोड बसवून घेतलाय, बाजूला धरायला दांडी आहे. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. मागे परस आहे आई, मी पावलांनी मोजलं, पडवळ-काकडीचा मांडव सहज मावतो. आळी करायला माणूस सांगून ठेवलाय, तू फक्त बी घेऊन ये. उकडे तांदूळ तिथल्या दुकानात मिळतात, मी शिजवून बघितले, पेज घट्ट होते. बाबांचा पेपर सकाळी सातला दारात. वाडीतल्या घरी धाकट्या काकी देवाजवळ दिवा लावतील, गाय त्यांच्याच गोठ्यात राहील, दूध त्यांनी ठेवायचं असं ठरलंय. गणपतीला आपण सगळे घरीच, मी स्वतः गाडीने नेणार, आणि पाखाडीवरून आई खुर्चीत बसून उतरेल. चार पोरांना सांगून ठेवलंय. लाजायचं नाही.

आता ऐका, नीट. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही, पाठीत किंवा हातात, दाब, आवळल्यासारखं, जळजळ, भरून येणं, काहीही झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर ते पित्त नाही. सोबत गार घाम, दम किंवा गरगर असेल तर दहा मिनिटंही थांबायचं नाही. सोडा नाही, ओवा नाही, पाठ चोळणं नाही. असेल तिथे बसायचं, भिंतीला टेकून. लगेच १०८. पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. तिला यायला वेळ लागेल म्हणाले तर शेजारच्यांना हाक मारायची, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बाबा, तुम्ही स्कूटर काढायची नाही. मला फोन नंतर करा. आधी १०८, मग शेजारी, मग मी. मला आधी केलात तर मी इथे पुण्यात बसून रडण्याशिवाय काय करणार?

रुग्णालयात ईसीजी काढायला सांगा, पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा. पहिला नॉर्मल आला म्हणून घरी यायचं नाही. कधीकधी सुरुवातीला दिसत नाही, म्हणून पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. फाइल लाल पिशवीत, पिशवी दाराच्या खुंटीवर. त्या खुंटीवर दुसरं काही अडकवू नका. आणि रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या रोज, एक दिवसही न चुकवता. दाताच्या डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. त्या थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

बाबा, आता तुमच्याबद्दल. आगरातून वर येताना तुम्ही बकुळीखाली थांबता. थंडीपासून बघतेय. दम खातो म्हणता, पण तुमचा हात छातीवर असतो आणि बसलात की बरं वाटतं. चढताना दाटून येतं आणि बसल्यावर जातं, हाच तर हृदयाचा पहिला निरोप असतो. १० जूनला तुमची वेळ घेतलीय, डेरवणलाच. घाबरायचं काही नाही, वेळेत कळलं तर गोळ्यांवरही भागतं. तंबाखूचं मात्र मी आता हात जोडून सांगतेय. आणि ॲस्पिरिन मनाने चघळायची नाही. नानांच्या वेळी दिली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही, तुमच्या पोटात एकदा रक्तस्राव झालाय. डॉक्टरांनी आईसाठी काय लिहिलंय ते तिच्यापुरतं.

मी सात वर्षांची असताना मला लाल इंगळी चावली होती, आठवतंय? लाकडाच्या खोपीत. आजी म्हणत होती उतरवणाऱ्याला बोलवा, सकाळ होऊ दे. तुम्ही बोललाही नाहीत. मला खांद्यावर टाकून कंदील न घेता पाखाडी चढलात, दुधाच्या टेम्पोसमोर आडवे उभे राहिलात. गुहागरच्या डॉक्टरांनी जी गोळी दिली ती प्राझोसिनची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषावर तिचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातली किती पोरं वाचली. ते विष हृदयावरच जातं, हे मला मोठेपणी कळलं. लवकर पोचलो म्हणून गोळीचा उपयोग झाला. मला त्या रात्रीतला फक्त तुमच्या घामेजल्या सदऱ्याचा वास आठवतो, आणि मागून अनवाणी धावत येणारी आई. तेव्हा तुम्हा दोघांपैकी एकालाही कुणाची झोपमोड आडवी आली नव्हती.

मृगाआधी, ४ जूनला सकाळी येते. भांडी बांधू नका, तिथे सगळं घेतलंय. आई, जातं आणायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही. विरजण मात्र घे, लहान बरणीत. सावर्ड्याला आपल्या विरजणाचं दही पाहिजे.

तुमची,
बाळी

ता. क. बाबा, तुमच्या खिशातली सॉर्बिट्रेटची पट्टी नानांच्या वेळची आहे. मुदत कधीच संपलीय. ती गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कुणालाच द्यायची नाही, एकदम बीपी उतरतं. पट्टी माझ्यासाठी बाजूला ठेवा, मी घेऊन जाईन. टाकवत नाही तुम्हाला, ठाऊक आहे मला.