लग्न सातव्या पावलाला पूर्ण होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने झाली की पुरवण्या लग्नसराईने भरून जातात. शालू, दागिने, मेंदी, रुखवत, जेवणाचे बेत, सगळे त्यांत असते. लग्न नेमके कोणत्या क्षणी पूर्ण होते, हे मात्र फारसे कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की आपण ‘लग्न लागले’ म्हणतो आणि मंडळी पंगतीकडे वळतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ याचे कलम ७ म्हणते की वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. ते पाऊल पडते तेव्हा सभागृह बहुधा रिकामे असते, व्हिडिओवाले जेवायला गेलेले असतात आणि व्यवस्थापक पुढच्या कार्यासाठी खुर्च्या हलवायला लागलेला असतो.

विवाहहोम, पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी एवढे सावकाश करायला पाऊण तास लागतो. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. अश्मारोहणात वधू दगडावर पाऊल ठेवते. त्याला सहाण किंवा पाटा लागतो, तो आयत्या वेळी सापडत नाही. आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवावा. सप्तपदीसाठी होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी एका ओळीत मांडतात. वधू एकेका राशीवर उजवे पाऊल ठेवते, वर बरोबर चालतो आणि दर पावलाला एक वाक्य म्हटले जाते: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातव्याला सख्य. मालिका पाहून अनेकांना होमाभोवतीचे सात फेरे म्हणजेच सप्तपदी वाटते. फेरे ही उत्तरेकडची रीत. आपल्याकडे लाजाहोमाबरोबर होमाला तीन प्रदक्षिणा होतात आणि सात पावले त्यानंतर वेगळी पडतात.

वातानुकूलित सभागृहात धुरामुळे होम करू देत नाहीत. मग निरांजन ठेवून काम उरकले जाते. सभागृह ठरवतानाच होमासाठी उघडी जागा लेखी मागून घ्यावी. धूर होतो तो ओल्या समिधांमुळे. लहान तांब्याचे कुंड, वाळलेल्या गोवऱ्या आणि पुरेसे तूप असेल तर तो फार होत नाही.

याचे महत्त्व वाद उभा राहिला की कळते. महाराष्ट्रातल्या द्विभार्येच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये शिक्षा रद्द केली, कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे, किंवा त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची रूढी असल्याचे, सिद्ध झाले नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की विधीच झाला नसेल, तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. घाईत नुसता कागद करून ठेवणाऱ्या जोडप्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सप्तपदी सर्वांनाच लागते असे मात्र नाही. बौद्ध विवाह याच कायद्याखाली येतो, पण त्याचा गाभा बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर घेतलेले त्रिशरण-पंचशील आणि उभयतांच्या प्रतिज्ञा हा आहे. तिथे होम घुसडण्याचे कारण नाही. तमिळनाडूने १९६७ मध्ये कलम ७-अ आणून हार, अंगठी किंवा ताली (तिकडचे मंगळसूत्र) यांवर पुरोहिताविना झालेला स्वाभिमान विवाह वैध केला. वारल्यांचे लग्न धवलेरी (लग्नगीते गाणारी पुरोहित स्त्री) लावते, सवासिणी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात. अनुसूचित जमातींना हा कायदा एरवी लागूच होत नाही, त्यांची रूढीच प्रमाण. शिखांच्या आनंद कारजात (विवाहविधीत) चौथी लांव, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाभोवतीची फेरी, पूर्ण झाली की विवाह पूर्ण. निकाहात एकाच बैठकीत इजाब (प्रस्ताव) आणि कबूल (स्वीकार) व्हावे लागते, सुन्नी रिवाजात दोन साक्षीदारांसमोर. तिथली नेहमीची चूक मेहेरची, म्हणजे वराने वधूला द्यायच्या रकमेची: रक्कम लिहितात, पण त्यातली तत्काळ किती आणि नंतर द्यायची किती हे निकाहनाम्यात येत नाही, आणि पुढे त्यावरूनच भांडण होते.

सर्वांत जास्त फसगत आंतरधर्मीय लग्नांत होते. हिंदू आणि ख्रिस्ती जोडप्याने देवळात लग्न लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवले, तरी ते टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसा निकाल दिला आहे. त्या कायद्याखाली दोघेही हिंदू (म्हणजे बौद्ध, जैन, शीखही) असावे लागतात. अशांनी विशेष विवाह कायदा, १९५४ खाली जावे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न न केल्यास पुन्हा नोटीस द्यावी लागते. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे तोंडाने म्हणणे सक्तीचे आहे. मुहूर्त आधी ठरवून नोटीस नंतर देणाऱ्यांची इथेच अडचण होते. चर्च आणि मांडव या दोन्हींची हौस त्याआधी किंवा नंतर खुशाल करावी.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. अर्जावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते; गुरुजी, काझी किंवा बौद्धाचार्य परगावचे असतील तर ती सही मांडवातच घेऊन ठेवावी.

यजमानांना कळकळीची विनंती आहे: पत्रिकेवर मुहूर्ताखाली सप्तपदीची वेळही छापा, आणि तेवढा वेळ घरच्या चार वडीलधाऱ्यांना व कॅमेऱ्याला होमापाशी थांबवा. आपल्या दैनिकानेही पुरवणीत एक पान या विधींना द्यावे.

— पौरोहित्य करणारा एक वाचक, पुणे