दादाचं बीपी आणि मिठाचा पुडा

जोएन्सू, फिनलंड
१२ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

आरोग्य शिबिरात तुझं बीपी १५४/९६ निघालं आणि घरात सगळ्यांनी ते लग्नाच्या टेन्शनवर ढकललं, असं वहिनींकडून कळलं. टेन्शनने बीपी वाढतं, पण तेवढ्यापुरतं. भांडण झालं, चढलं, तासाभरात उतरलं. कायमचं वाढलेलं बीपी बहुतेक वेळा मीठ, पोटाचा घेर, बैठं काम, तंबाखू, दारू आणि आनुवंशिकता यांच्या बेरजेतून येतं. बाबांना होतं, आईला आहे, तेव्हा आनुवंशिकता तुझ्या वाट्याला आलेलीच आहे. तिला इलाज नाही. बाकीच्याला आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. वहिनींनाही वाचायला दे. स्वयंपाक त्या करतात, पण फरसाण तू आणतोस!

आधी तो आकडा खरा आहे का ते बघायला हवं. शिबिरात रांगेत उभं राहून, चहा पिऊन, शर्टाच्या बाहीवरच पट्टा बांधून आणि शेजारच्याशी गप्पा मारत मोजलेलं बीपी १०-१५ अंकांनी सहज जास्त येतं. घरी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन आणा, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच चढा येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन ये. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बस. हात टेबलावर असा ठेव की पट्टा छातीच्या मधल्या उंचीवर येईल. हात खाली लोंबकळत राहिला तरी आकडा वाढतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोज आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे कायम धर. सकाळी गोळी-नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून दे, उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढ. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर ते उच्च रक्तदाबच धरायचं. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची असते. जास्त आलेला आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही. जो आला तो लिहायचा.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. आणि त्यात सगळं आलं: भाजी, कणीक, ताक, लोणचं, पाव, शेव. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि मूत्रपिंडांना ते मीठ बाहेर टाकायला जास्त दाब लागतो. वर्षानुवर्षं हेच चाललं की रक्तवाहिन्या ताठरतात आणि मग तोच दाब कायमचा होऊन बसतो. बीपी वाढलेल्या माणसाने मीठ रोज ४-५ ग्रॅमने उतरवलं तर वरचा आकडा साधारण ५ ने खाली येतो.

तुम्ही किती खाता हे जिभेला विचारू नका, पुड्याला विचारा. एक किलोचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. तुम्ही घरात चौघं. चौघांचे दिवसाचे जास्तीत जास्त २० ग्रॅम. त्यातले ८ ग्रॅम बाहेरच्या आणि विकतच्या खाण्याला सोडले तर स्वयंपाकाला १२ उरतात. म्हणजे पुडा ८० दिवसांच्या वर चालायला हवा. महिन्यात संपत असेल तर काय चाललंय ते वेगळं सांगायला नको. थोडं खरकट्यात जातं हे धरूनही.

वहिनी, मीठ एकदम निम्मं करू नका, दुसऱ्याच दिवशी सगळे ताटात वरून घेतील. पहिले दोन आठवडे पाऊणपट, मग आणखी थोडं कमी. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग जुनंच खारट लागायला लागतं. चिमटीने घालणं बंद करून डब्यात मापाचा चमचा ठेवा. कणकेत आणि भातात मीठ नको, कळतसुद्धा नाही. आमटीत आमसूल, भाजीवर लिंबू, ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोशिंबिरीला ओला नारळ, म्हणजे अळणी वाटत नाही.

लोणच्याचं गणित वेगळं आहे. किलोभर कैरीला १५०-२०० ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे मसाल्यासकट १५ ग्रॅमची फोड घेतली की दीड ग्रॅमच्या पुढे मीठ गेलं. तिथे मीठ कमी करायला जाऊ नका. टिकाऊ लोणचं मिठावरच टिकतं. निम्मं घातलंत तर महिन्याभरात बुरशी येईल आणि अख्खी बरणी टाकावी लागेल. त्यापेक्षा बरणी सणावारी काढा आणि एरवी तक्कू किंवा लिंबाचं ताजं लोणचं थोडंसं करून फ्रिजमध्ये ठेवा. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, तोही सोडियमच. खाण्याचा सोडाही तसाच, आणि दादा जेवण जड झालं की फसफसणारं चूर्ण पितो ना, त्यातही तोच सोडा असतो. सुके बोंबील रात्रभर भिजवून दोनदा पाणी बदललं तर बरंच मीठ निघून जातं.

पुडीमागचा तक्ता वाचायची सवय लावा. तिथे सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं, आणि दुकानात बसल्या बसल्या १०० ग्रॅम शेव संपायला वेळ लागत नाही. इथे फिनलंडमध्ये १९९३ पासून जास्त मिठाच्या ठरावीक पदार्थांवर तसा ठळक इशारा छापावाच लागतो.

मी राहते तो उत्तर कारेलियाचा भाग १९७० च्या सुमाराला हृदयविकाराने मरणाऱ्या कामकरी वयाच्या पुरुषांसाठी कुप्रसिद्ध होता. लोणी, खारवलेलं मांस-मासे, सिगारेट. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या देखरेखीखाली इथे प्रकल्प सुरू झाला. त्यांनी गावोगाव नर्सकडून बीपी मोजून घेतलं, तपासून गोळ्या दिल्या आणि मार्था या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरून स्वयंपाकच बदलायला घेतला. पुढच्या चार दशकांत त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. यात सिगारेट आणि कोलेस्टेरॉल कमी झाल्याचाही मोठा वाटा आहे, सगळं श्रेय मिठाला देता येत नाही.

सैंधव मीठ बीपीला चालतं ही समजूत काढून टाका. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच वेगळं असतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतं आणि बीपी उतरतंही. पण आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन हे औषध आहे, ते शरीरात पोटॅशियम साठवतं. मूत्रपिंड कमी काम करत असताना वरून हे मीठ घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं पोटॅशियम वाढू शकतं. एका पातेल्यात सगळ्यांचं शिजतं, म्हणून आईच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो पुडा घरात नको.

जेवणातलं पोटॅशियम तुला चांगलंच आहे. ते मूत्रपिंडातून सोडियम बाहेर ढकलतं. पालेभाजी, डाळी, केळं, रताळं. डॅश नावाच्या, बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या आहाराच्या अमेरिकेतल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. मीठ आणि वजन तेवढंच ठेवून फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं आणि एकूण स्निग्धांश कमी केला, तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा ११ ने उतरला.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणतोस त्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि उद्या बीपीची गोळी सुरू झाली तर तिचा असरही कमी करतात. डॉक्टरांना त्या गोळ्यांचं नाव सांग, लपवू नकोस. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळणंही बंद कर. त्याने मूत्रपिंड सोडियम धरतं आणि पोटॅशियम सोडतं. इथे याच ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक आवडीने खातात आणि बीपीवाल्यांना त्या कमी खायला सांगतात.

बाकीचं थोडक्यात. टेपने पोट मोज, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवं. एक किलो वजन उतरलं की साधारण एक अंक उतरतो. आठवड्यात १५० मिनिटं अशा वेगाने चाल की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दुकानातल्या फेऱ्या त्यात धरायच्या नाहीत. तंबाखूची प्रत्येक चिमूट बीपी आणि ठोके चढवते. दारू थोडी घेतली तर हृदयाला बरी, हे डोक्यातून काढ. आणि वहिनी, हा घोरताना मध्येच श्वास थांबून दचकतो का, ते बघून डॉक्टरांना नक्की सांगा. झोपेत श्वास अडणं हे न उतरणाऱ्या बीपीचं नेहमीचं कारण आहे.

गोळी लिहून दिली तर घे. आकडा नीट आला म्हणून ती आपली आपण थांबवू नकोस, तो गोळीनेच नीट आलेला असतो. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर परत मोजत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

सोमवारपासून वही सुरू कर. आठवडा झाला की पानाचा फोटो मला पाठव आणि तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पहिल्या भेटीत लघवी, क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं करून घे.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुमी