ताई, तुमच्या वहीतल्या त्या पानाबद्दल

प्रिय ताई,

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ; तो पुण्यात मराठीतून खेळवणाऱ्या आम्हा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या, मंडळींकडून हे पत्र. लढाईचे नियम पुस्तकात पानोपानी मिळतात: पाळी कोणाची, अंतर किती, इजा किती. पण दरबारात रदबदली करायची, पुरातून माणसं बाहेर काढायची, पहारा चुकवून वाड्यात शिरायचं, असं काही आलं की बहुतेक जण एक डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ठरवतात, वीस बाजूंचा फासा टाकायला सांगतात आणि विषय संपवतात. त्याच्या पुढचं तुम्ही शिकवलंत. वहीचं पान मागेल त्याला दिलंत आणि नव्या डीएमसोबत बसून त्याचा डाव टेबलावर येण्याआधी कागदावर तपासलात. आभार मोघम राहू नयेत म्हणून ते नेमके कशाबद्दल हेही लिहितो आहोत.

त्या पानाच्या डोक्यावर तीन ओळी आहेत. खेळाडूंना काय हवंय? आडवं काय येतंय, आणि ते स्वतःहून काय करतंय? फसलं तर पुढचा प्रसंग कोणता? आकडे यानंतर. तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी राहिली तर तिथे फासा टाकायचाच नाही, हा तुमचा दंडक सगळ्यात मोलाचा वाटतो. कुलूप उघडलं नाही आणि पुढे काहीच घडलं नाही, तर खेळाडू पुन्हा टाकू का विचारतो, मग दुसरा विचारतो, आणि डाव तिथेच रुततो. त्याऐवजी कुलूप उघडलं पण आवाज झाला, किंवा उघडायला इतका वेळ गेला की पहारा बदलला, असं ठरलेलं असलं की फासा कसाही पडो, गोष्ट पुढे सरकते.

आकड्यांचं गणित तुम्ही मांडून दाखवलंत तेही सांगायला हवं. खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत स्किल चॅलेंज आलं, म्हणजे ठरावीक अपयशं व्हायच्या आत ठरावीक यशं मिळवायचा डाव. सगळ्यात सोप्या पातळीला दोन अपयशांच्या आत चार यशं आणि सगळ्यात अवघड पातळीला सहा अपयशांच्या आत बारा. पुढे दुरुस्ती करून अपयशांची मर्यादा सरसकट तीन केली. ऐकायला साधं वाटतं. पण डीसी १५ आणि पात्राचा फाशात मिळवायचा बोनस +७ धरला तर एका फाशाला यशाची शक्यता ६५ टक्के. तीन अपयशांच्या आत चार यशं मिळवायची तर शक्यता ६५ टक्केच राहते, सहा मिळवायची तर ४३ वर येते आणि बारा मिळवायची तर जेमतेम ८. म्हणजे डाव लांबवला की तो नुसता लांब होत नाही, जवळजवळ अशक्य होतो. सहा यशांना चार अपयशांची मर्यादा ठेवली की शक्यता ६१ टक्क्यांवर जाते. पाच जणांच्या टेबलासाठी हेच माप तुम्ही सुचवलंत आणि ते बरोबर बसतं: जवळजवळ नेहमीच प्रत्येकाची निदान एक पाळी येते आणि कंटाळा यायच्या आत निकाल लागतो.

कात्रजचा डाव हा या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा दगडी भुयारी नळ बांधला, त्याला वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर उघडणारी तोंडं, आणि पेठांमध्ये हौद. तुम्ही काळ घेतलात घाशीराम कोतवालाचा, १७९१ च्या जरा आधीचा. रात्रीची तोफ झाल्यावर परवान्यावाचून रस्त्यावर दिसायची सोय नाही, आणि एक खलिता उजाडायच्या आत वाड्यात पोचवायचा. म्हणून नळातून जायचं. कार्डावर दोन वर्तुळं काढलेली: एकाचे सहा भाग, त्यावर ‘वाट’, दुसऱ्याचे चार, त्यावर ‘संशय’. यश आलं की वाटेचा एक भाग रंगवायचा, अपयश आलं की संशयाचा. वर्तुळाचे भाग रंगवत जायची ही रीत ‘ब्लेड्स इन द डार्क’ हा याच जातीचा दुसरा खेळ खेळणाऱ्यांच्या ओळखीची. तुम्ही त्यात भर घातलीत ती संशयाच्या प्रत्येक भागापुढे काय घडणार हे आधीच लिहून ठेवण्याची. पहिला भाग भरला की वर कुत्री भुंकायला लागतात. दुसरा भरला की पुढच्या उच्छ्वासाच्या तोंडाशी मशाल दिसते. तिसऱ्याला गस्तीतला एक जण वाड्याकडे पळतो. चौथा भरला की नळातून पुढे जाता येत नाही, पहाटे पाणी भरायला आलेल्या माणसांच्या देखत पेठेतल्या हौदातून वर यावं लागतं. खलिता हातातच आहे, पण आता तो वाड्यात न्यायचा कसा, हा नवा डाव तिथून सुरू होतो.

बोलक्या पात्राचा खेळाडू सगळं आपल्याच हाती घेतो आणि बाकीचे गप्प बसतात, हा या प्रकारातला नेहमीचा रोग. गप्प बसणाऱ्याचं चुकतही नसतं. बोनस शून्य असेल तर डीसी १५ ला त्याची शक्यता ३० टक्के, आणि त्याचं अपयश सगळ्यांच्या माथी. तुमचा इलाज दुहेरी आहे. फेरी लावायची; जो काहीच करणार नाही, संकट त्याच्याच अंगावर येतं. गाळात पाय रुततो, मशाल विझायला लागते. आणि एकच कौशल्य लागोपाठ दोनदा चालत नाही. मग लढवय्या गाळ उपसतो, जादूगार दगडांची घडण बघून जुनी शाखा ओळखतो, चोर उच्छ्वासाखाली कान लावतो. दुसऱ्याला मदत करायची तर ती कशी करतो हे सांगावं लागतं; तसं सांगितलं की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि ६५ ची शक्यता ८८ च्या आसपास जाते. खेळाडूने खरोखर बिनतोड युक्ती काढली, किंवा त्यासाठी मंत्र वा पदरचे होन खर्च केले, तर फाशावाचून एक भाग रंगवून टाकायचा. इथे कंजुषी करणाऱ्या डीएमच्या टेबलावर युक्त्या सुचायच्या बंद होतात.

लपून जाताना सगळ्यांना फासे टाकायला लावू नका, हे तर भिंतीवर लिहून ठेवावं. चौघांची प्रत्येकी ६५ टक्के शक्यता असली तरी चौघंही निसटण्याची शक्यता १८ टक्केच उरते. पाचव्या आवृत्तीतला गटाचा नियम लावला, म्हणजे निम्मे यशस्वी तर सगळे यशस्वी, की तीच ८७ होते. शोधाच्या डावात याच न्यायाने पुढे जायला लागणारी माहिती फाशामागे कधीच लपवायची नाही. फाशाने फक्त ती किती लवकर आणि काय किंमत मोजून मिळाली एवढंच ठरवायचं.

एका बाबतीत आमच्यात अजून दोन तट आहेत: वर्तुळं खेळाडूंना दाखवावीत का. तुम्ही संशयाचं उघडं ठेवता आणि वाटेचं वहीत. आमच्यातल्या काहींना दोन्ही उघडी बरी वाटतात, पण तसं केलं की खेळाडू प्रसंग सोडून उरलेले भाग मोजत बसतात आणि सगळ्यात मोठा बोनस शोधत कागद चाळतात. त्यामुळे या घडीला पारडं तुमच्याच बाजूला झुकतंय.

आता एक मागणं. दरबारातल्या रदबदलीचं पान तुम्ही अजून कोणाला दिलेलं नाही. समोरच्याला काय हवंय, तो कशाला भितो आणि कुठल्या गोष्टीला मरेपर्यंत हो म्हणणार नाही, या तीन नोंदींवर ते उभं आहे एवढं तुमच्या बोलण्यातून कळलं. ते अर्धवट असलं तरी द्या. पुढच्या डावात कारभाऱ्याला बोलतं करायचंय आणि आमच्याकडे त्याची तिसरी नोंद कोरी आहे.

तुमचे,
शनिवारच्या टेबलावरचे सगळे
पुणे