यंदाची लोकर आणि यंदाचे नमुने

कीथली, वेस्ट यॉर्कशायर
ऑक्टोबर अखेर

प्रिय शुभा,

स. न. वि. वि.

तू पाठवलेला स्वेटरचा फोटो मी आमच्या विणकामाच्या बैठकीत नेला होता. फोटो हातोहात फिरला आणि त्या दिवशी दुसरा विषयच निघाला नाही. तेव्हा तुझ्या "गौरीसाठी कुठली लोकर घेऊ आणि कुठला नमुना?" या एका ओळीच्या प्रश्नाला आता पानंच्या पानं उत्तर घे. चहा करून बस.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कंटाळलीस तरी चालेल. नमुना नवा घे, लोकर जुनीच घे. गेल्या काही वर्षांत नमुने खरोखर सुधारलेत. लोकर मात्र नुसती नटायला लागलीय.

तुझ्या लेकीला, गौरीला, आवडलेला फोटोतला तो केसाळ स्वेटर मोहेअरचा आहे. अंगोरा शेळीच्या करडांची तलम लोकर आणि तिला आधार म्हणून रेशमाचा बारीक धागा. त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे रोवन कंपनीचा 'किडसिल्क हेझ' हा धागा. ७० टक्के मोहेअर, ३० टक्के रेशीम, आणि २५ ग्रॅमच्या गुंड्यात तब्बल २१० मीटर. इतका बारीक की नुसता विणला तर आरपार दिसतं. म्हणून हल्ली तो मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या धाग्याबरोबर जोडीनं विणतात, दोन्ही धागे एकाच वेळी सुईवर घेऊन. डेन्मार्कच्या 'पेटिटनिट' कंपनीचे नमुने बघ, नाहीतर यंदाच्या हिवाळ्याचं कुठलंही मासिक उघड, ही जोडी दिसणारच.

यावरून बैठकीत सरळ दोन तट पडले. तरुण मुलींचं म्हणणं, वजन नाही आणि ऊब भरपूर, शिवाय टाके थोडे सैल-घट्ट पडले तरी केसांखाली झाकून जातात. म्हाताऱ्यांचं म्हणणं, टाके झाकायचेच असतील तर विणता कशाला? त्यांचा खरा राग उसवण्यावर आहे. मोहेअर चुकलं की संपलं. केस एकमेकांत असे गुंततात की धागा ओढला तर तुटतो. काहीजणी चुकलेलं विणकाम पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतात. गारठ्यानं केस थोडे बसतात आणि धागा सुटतो म्हणे. विणलेलं मटारांच्या शेजारी ठेवायचं, ही कल्पना तुला कशी वाटते?

मला मात्र चिंता वेगळीच आहे. गौरी दिल्लीत मेट्रोनं फिरणार, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. जिथे पट्टा घासतो तिथे मोहेअरची हमखास जट होते. काळ्या कोटाला आतून पांढरे केस चिकटतात ते वेगळंच. आणि किंमत! एका गुंड्याला दहा पौंडांच्या वर, त्यात जोडीच्या मेरिनोचे पैसे निराळे. फोटोत हे काहीच दिसत नाही. फोटोतली मुलगी खिडकीत कॉफी घेऊन बसलेली असते, तिला कुठे जायचं नसतं.

आता नमुन्यांचं. इथे मात्र मी नव्यांच्या बाजूची. आपण कॉलेजात असताना पाठ वेगळी विणायचो, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या, आणि सगळं शिवून झाल्यावर कळायचं की मुंढा काचतोय. आता बहुतेक नमुने गळ्यापासून खाली येतात. गोल सुईवर गळ्याचे टाके घालायचे, वाढवत वाढवत मुंढ्यापर्यंत यायचं, बाह्यांचे टाके दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि अंग विणायला लागायचं. वाटेल तेव्हा अंगात घालून बघता येतं. लांबी कमी वाटली तर आणखी विणा, पुरे झाली तर टाके बंद करा. मानेच्या मागे सुई, म्हणजे टाक्यांची ओळ, पूर्ण न करता मधूनच वळून जास्तीच्या काही सुया विणतात, त्यामुळे मागची बाजू उंच होते आणि पुढचा गळा घशाशी येत नाही. आपल्या त्या जुन्या स्वेटरांचे गळे सारखे पुढून वर चढायचे, आठवतंय? त्याचं कारण एवढंच होतं, पुढचं-मागचं सारख्याच उंचीचं.

शिवाय मापं. पूर्वी नमुने ३२ इंचांपासून सुरू होऊन ४० इंचांच्या आसपास थांबायचे, त्यापुढच्या बायकांनी आपलं आपण गणित करायचं. आता चांगल्या नमुन्यांत ६० इंच छातीपर्यंतची मापं लिहिलेली असतात. आमच्यातल्या एका भरल्या अंगाच्या बाईनं यंदा पहिल्यांदा एकही आकडा न बदलता स्वेटर विणला आणि तो घालून ती अशी ऐटीत आली, की आम्ही टाळ्याच वाजवल्या.

विरोधात एकच आवाज, पण तो वजनदार. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आजी ब्रॅडफर्डच्या गिरणीत कापडातले दोष सुईनं दुरुस्त करायच्या. त्या म्हणतात, शिवण ही नुसती जोड नाही, ती स्वेटरचं हाड आहे. बिनशिवणीचा स्वेटर खांद्यातून लोंबतो. बरोबर आहे त्यांचं, विशेषतः धाग्यात अल्पाका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या त्या नावाच्या प्राण्याची लोकर, जास्त असेल तर. अल्पाकाला लोकरीसारखी उसळी नाही, तो स्वतःच्या वजनानं खाली येतो. इथून जवळच सॉल्टेअर आहे, तिथे टायटस सॉल्टनं १८५३ मध्ये उघडलेली प्रचंड गिरणी अजून उभी आहे. त्याची सगळी श्रीमंती अल्पाकावर उभी राहिली, पण तो विणून विकत होता ते बायकांच्या झग्यांचं कापड, आणि झग्याचं लोंबणं शोभून दिसतं. स्वेटरला उपाय सोपा आहे. विणून झाल्यावर आतल्या बाजूनं, एका खांद्यापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत क्रोशाची साखळी घालायची. ओढ तिथे थांबते. गौरीच्या स्वेटरला हे नक्की कर.

आणखी एक गोष्ट म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी लोकर. दुकानात हिचंच राज्य आहे, आणि रंगीत शिंतोडे उडवलेल्या त्या महागड्या लड्याही बहुतेक हिच्याच. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून लोकर आटते. या लोकरीचे खवले क्लोरीननं बोथट करतात आणि वरून रेझिनचा पातळ थर देतात. आटणं थांबतं, पण धाग्याची एकमेकांना धरून राहण्याची सवयही जाते. ओला स्वेटर उचलला की बाही गुडघ्यापर्यंत. मोज्यांना उत्तम, लहान मुलांच्या कपड्यांना उत्तम, मोठ्या स्वेटरला नको, यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत झालं. ॲक्रिलिकलाही इथे कुणी नाकं मुरडत नाही बरं का. बाळंतिणीला हातानं धुवायला लागेल असं काही भेट द्यायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

मोज्यांवरून आठवलं. वेस्ट यॉर्कशायर स्पिनर्सची सूतगिरणी आमच्याच गावची. त्यांच्या मोज्यांच्या धाग्याचा १०० ग्रॅमचा गुंडा ४०० मीटरचा, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, एका जोडीला पुरून थोडा उरतो. दरवर्षी ते नाताळासाठी एक खास रंग काढतात. तो कुठला असेल यावर आमच्याकडे पैज लागते आणि आल्यावर सगळ्याजणी एकसुरात म्हणतात की मागच्या वर्षीचाच बरा होता. तरी घेतात सगळ्या. मीसुद्धा. पट्टे आपोआप पडत जातात, टीव्ही बघत विणता येतं, आणि मोजे बुटातच असतात, रंग भडक झाला तरी कुणाला दिसतोय!

पण नाताळाच्या त्या २४ छोट्या लड्यांच्या पेट्या? १ डिसेंबरपासून रोज एक पुडी उघडायची, आत काय रंग आहे ते आधी कळत नाही. उत्सुकता विकतात, लोकर नव्हे. महिनाअखेरीस २४ रंग हातात आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न पुढच्या श्रावणापर्यंत.

या सगळ्या झगमगाटात आमच्यातली एक शेतकरीण गप्प बसून विणत होती. तिच्याकडे स्वेलडेल मेंढ्या आहेत, लोकर जाडीभरडी, गालिच्यात जाणारी. मेंढी कातरायला जेवढे पैसे पडतात तेवढेही लोकरीचे येत नाहीत, असं तिनं सांगितलं. मला आपले धनगर आठवले. दख्खनी मेंढीच्या लोकरीची तीच गत. चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणणारे हात कमी होत चालले, आणि लोकर न्यायला कुणी येत नाही. तिला मी पट्टणकोडोलीच्या यात्रेचं सांगितलं, बिरदेवाच्या पालखीवर भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात म्हणून. ती म्हणाली, आमच्याकडे निदान देवाला तरी द्यायची सोय हवी होती. यंदा गेली होतीस का गं यात्रेला?

शेटलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या, लोकरीबद्दल तू विचारलं होतंस. तिथल्या जेमिसन अँड स्मिथ कंपनीची माझी फार लाडकी. २५ ग्रॅमला ११५ मीटर, विणताना थोडी खरखरीत लागते, पण धुतली की फुलून येते. दरवर्षी तिथल्या लोकर सप्ताहासाठी टोपीचा एक नवा नमुना निघतो आणि इथल्या बायका तो हातात पडला की रंग ठरवायला बसतात. २०१५ ची मेंढ्यांची रांग असलेली 'बा-बल' टोपी अजूनही कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर दिसते. तू स्वतःसाठी एक टोपी कर, एका सुईत दोनच रंग असतात, तुला जड जाणार नाही. पण गौरीच्या अंगाला ही टोचेल, तिला लहानपणापासूनच टॅगसुद्धा सहन होत नाही.

म्हणून मी तिच्यासाठी रोवनचाच 'फेल्टेड ट्वीड' पाठवणार आहे. धागा जुना, फॅशनच्या आधीपासूनचा. अर्धा मेरिनो, पाव अल्पाका, पाव व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा), ५० ग्रॅममध्ये १७५ मीटर. अल्पाका पावच आहे आणि धागा हलका, त्यामुळे साखळी घातलीस की काळजी नाही. सुई चार मिलिमीटरची, म्हणजे आपली ८ नंबर. पोनी कंपनीची तुझ्याकडे असेलच. इथल्या दुकानातही त्याच लटकलेल्या असतात, नीलगिरीतल्या. पण सांगलीच्या मावशींकडून आणलेल्या सरळ सुया नकोत, ८० सेंटिमीटरची गोल सुई लागेल. मोहेअरचे दोन गुंडेही टाकते. त्याची जाळीची शाल कर, म्हणजे लेकीचा हट्टही पुरा आणि पट्टा घासायचा प्रश्न नाही. तुझ्यासाठी सुती धागा पाठवत नाही. इथे सुती धागा वसंतात येतो, पाच गरम दिवसांच्या आशेवर, आणि सुती स्वेटर जड होऊन ओघळतो. कोल्हापुरात शालीखेरीज तुला तो कशाला लागणार?

आमचे भाचे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर देते. तोवर मला दोन गोष्टी कळव. गौरीच्या अंगाचं माप नको, तिचा आवडता ढगळ कुडता पलंगावर पसरून बगलेखाली आडवा मोज आणि तो आकडा दे. ढगळपणा नमुन्यातच धरलेला असतो, वर आणखी धरलास तर लोकर पुरणार नाही. दुसरं म्हणजे रंग. तो तिलाच निवडू दे, पण पांढरा नको म्हणावं, दिल्लीच्या हवेत आठवड्यात राखाडी होईल. आणि लवकर सांग, कारण सगळे गुंडे एकाच वेळी रंगवलेले, एकाच लॉट नंबरचे, मिळायला हवेत आणि नाताळ जवळ आला की दुकानात चार-दोनच उरतात.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वसू