आई, मशीन भंगारात देऊ नकोस

ग्लासगो,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की आपलं सिंगरचं पायमशीन आता नुसती जागा अडवतंय, गुडघ्यांमुळे पायडल मारवत नाही, आणि दिवाळीच्या आवराआवरीत ते किलोवर भंगारवाल्याला देऊन टाकायचं तुमचं जवळपास ठरलंय. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. मध्येच आवाज तुटतो, आणि बाबा ‘बरं बरं, जेवलास का’ म्हणून फोन ठेवतात. म्हणून हे पत्र. मशीन देऊ नका. का देऊ नका ते सांगतो, आणि पाय अजिबात न हलवता आईला त्यावर शिवता येईल अशी सोयही सांगतो.

इथे मी सुट्टीच्या दिवशी जुनी शिवणयंत्रं घेऊन दुरुस्त करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘त्यात काय मिळतं तुला’ असं आईने विचारलं होतं तेव्हा मी विषय बदलला होता. आज सविस्तर लिहितो.

ग्लासगोच्या पश्चिमेला, लोकलने थोड्याच वेळात, क्लाइडबँक गाव लागतं. तिथल्या एका स्टेशनचं नावच ‘सिंगर’ आहे. १८८५ मध्ये शिवणयंत्रं बनवणाऱ्या सिंगर कंपनीने या गावात किलबोवीचा कारखाना उघडला, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी एकट्या या कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडत होती. वर चारही बाजूंना तबकड्या असलेला घड्याळाचा भला मोठा मनोरा होता. तो साठच्या दशकात पाडला, १९८० मध्ये कारखानाही बंद झाला. आता स्टेशनवर उतरलं की आजूबाजूला सगळी नवी बांधकामं दिसतात. मशिनं बघायची तर गावच्या संग्रहालयात जावं लागतं.

बाबा, तुम्हाला यातली एक गोष्ट नक्की आवडेल. १९११ च्या मार्चमध्ये तिथल्या पॉलिश खात्यातल्या तीन बायकांना दुसरीकडे हलवलं आणि त्यांचं काम उरलेल्या बाराजणींच्या गळ्यात टाकलं. त्या बाराजणी काम टाकून बाहेर पडल्या, आणि बघता बघता दहा हजारांच्या वर माणसं त्यांच्यामागे रस्त्यावर आली. संप तीनेक आठवडे चालला आणि मोडला. पुढे कितीतरी जणांना कामावरून काढलं. एसटीच्या संपाच्या दिवसांत घरात काय वातावरण असायचं ते मला आठवतं, त्यामुळे लाकडी पेटीवरचं त्या काळातलं पॉलिश पुसताना ते कुणाच्या हातचं असेल हा विचार येतोच.

आपल्याकडे हीच मशिनं बोटीने यायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ सिंगरचे एजंट होते. हप्त्यावर मशीन देण्याची पद्धत कंपनीने जगभर चालवली आणि त्यामुळेच ते शिंप्यांच्या दुकानांत आणि मग घराघरांत पोचलं. गांधीजींचा यंत्रांना एवढा विरोध, पण १९२४ च्या एका मुलाखतीत त्यांनी शिवणयंत्राला मात्र सूट दिली. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, असं ते म्हणाले होते. ती हकीकत इतिहासाला धरून नाही. सिंगरच्या आधी, १८४६ मध्येच, इलायस हाउने दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं होतं, आणि सिंगरचं पेटंट १८५१ चं. पण घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या हातात यंत्र असावं, हे गांधीजींना पटलं होतं, ते मला फार मोलाचं वाटतं.

आता दुरुस्तीचं. सध्या टेबलावर २८ के नंबरचं एक छोटं हातमशीन आहे. ‘के’ म्हणजे किलबोवी. जुन्या वस्तूंच्या दुकानात वीस-पंचवीस पौंडांत मिळालं, म्हणजे तुमच्या हिशेबात अडीच-तीन हजार रुपये. आपल्या मशीनमध्ये गोल बॉबीन डबीत बसते, यात ती नाही. यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लांबट शटल आहे आणि त्यात पेन्सिलीएवढी बारीक बॉबीन. सुई खाली आली की शटल झोके घेत तिच्या मागून दोऱ्याच्या फासातून निघून जातं. हे बघत बसलो की मला वेळेचं भान राहत नाही.

मिळालं तेव्हा ठार जाम होतं, चाक तसूभर हलत नव्हतं. मशीनचं तेल वर्षानुवर्षं न वापरता राहिलं की सुकून पिवळं, चिकट, डिंकासारखं होतं. त्यातून कुणी कधी खायचं तेल घातलं असेल तर आणखी घट्ट. गंज मात्र फारच कमी असतो. बाबा, तुम्ही जाम नटावर रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचात आणि सकाळी पान्याला नुसता धक्का द्यायचात, तेच मी इथे करतो. प्रत्येक सांध्यात रॉकेल, मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा, मग मशीनचं तेल, आणि चाक हळूच पुढे-मागे. जोर लावायचा नाही. ‘लोखंडाला वेळ द्यावा लागतो’ हे तुमचंच वाक्य. चौथ्या-पाचव्या दिवशी चाक बोटाच्या टोकाएवढं सरकलं, आणि संध्याकाळपर्यंत पुरता फेरा झाला.

सुईखालची प्लेट काढली तर आत, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या खाली, दोऱ्याच्या कचऱ्याची घट्ट वडी बसली होती. चिमट्याने सोडवत गेलो तसे थर निघाले. वर काळा आणि करडा, मधे बाळाच्या कपड्यांचा असतो तसा फिका पिवळा, तळाशी गडद निळा. कुणीतरी बाई आयुष्यभर घरासाठी काय काय शिवत होती ते सगळं त्या वडीत होतं. मी ती फेकली नाही, काचेच्या बरणीत ठेवली आहे.

एक गोष्ट आईला मुद्दाम सांगतो, कारण तिला पुसापुशीची सवय आहे. मशीनवरच्या सोनेरी नक्षीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावायचं नाही. काळ्या रंगावर आणि नक्षीवर लाखेचा, आपल्या चपड्याचा, पारदर्शक थर असतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळतो. थर गेला की नक्षी गेली. ब्रासोसुद्धा नको. सुती फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन हलक्या हाताने पुसायचं, बस्स. ही लाख बहुतांशी आपल्याच देशातून इकडे येत होती. म्हणजे बाबा, स्कॉटलंडचं लोखंड आणि आपली लाख.

दुरुस्त झालेली सगळी मशिनं मी ठेवत नाही. जुनी हत्यारं नीट करून आफ्रिकेत कारागिरांना पाठवणाऱ्या संस्था या देशात आहेत. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे हातमशीनला मोठी मागणी असते. तशी काही मी देऊन टाकली. शंभर वर्षांचं यंत्र पुन्हा कुणाचं तरी घर चालवायला जातं, याचं मला मनापासून समाधान आहे. प्लॅस्टिकचे दाते असलेली आजची स्वस्त मशिनं दाता तुटला की पडून राहतात. यांचे भाग ओतीव लोखंड आणि पोलादाचे. झिजले तर बदलता येतात, आणि साधी घरगुती सुई अजूनही बसते.

आता आपलं मशीन. आई, त्यावर तू आम्हा दोघांचे शाळेचे गणवेश, ताईची परकर-पोलकी, गल्लीतल्या प्रत्येक बाळाची झबली-टोपडी शिवलीस. माझ्या पहिल्या वर्षाची कॉलेजची फी ब्लाउजच्या शिलाईतून गेली होती, हे तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत होतं. इथे मी टाक्याचा ताण बसवायला लागतो तेव्हा वरचा दोरा, खालचा दोरा, स्क्रू पाव फेरा, पुन्हा चिंधीवर टाके, असं बराच वेळ चालतं. तू दोरा बोटांत नुसता ओढून बघायचीस आणि टाका दोन्ही बाजूंनी सारखा यायचा. तू शिवणं सोडावंस असं मला अजिबात वाटत नाही. गुडघे थकले आहेत, तुझे हात अजून तसेच आहेत.

म्हणून सोय अशी. मशीनला हात, म्हणजे चाक हाताने फिरवायचा दांडा, बसवायचा. मुंबई-पुण्यात, बहुतेक मिरजेतही, शिलाई मशीनचे भाग विकणाऱ्याकडे हा हात सुटा मिळतो, आणि महाग नसतो. मोटर नको. ती एकदम वेग घेते आणि तुला आवडायची नाही. हाताने एकेक टाका घालता येतो. एक अडचण खरी आहे. उजवा हात चाक फिरवण्यात गुंततो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावं लागतं. लांब सरळ शिवणीला काही वाटणार नाही, पण ब्लाउजच्या बाहीचा गोल जोडताना सुरुवातीला जड जाईल. टाचण्या जास्त लावायच्या आणि हळू घ्यायचं.

बाबा, तुमच्यासाठी काम. आधी चाक बघा. त्याला आरे असतील तर उत्तम, कारण हाताचं बोट आऱ्यांमध्ये अडकून चाक फिरवतं. चाक भरीव असेल तर आऱ्यांचं चाकही घ्यावं लागेल. मग चाकाच्या खाली, उभ्या खांबावर, बोल्ट बसेल असं भोक आहे का ते बघा, हात तिथेच बसतो. पट्टा काढून मशीन मागे कलतं करा. जिथे ते बिजागरीवर बसलंय तिथे दोन स्क्रू दिसतील. ते सैल केले की मशीन टेबलावरून सुटतं. वजन बारा किलोच्या आसपास भरेल, तेव्हा एकट्याने उचलू नका, दादाला बोलवा. तुमची कंबर मला माहीत आहे. सुताराकडून मशीनच्या मापाचा लाकडी खोका करून घ्या, म्हणजे ते जेवणाच्या टेबलावर ठेवून आईला पाठ टेकून खुर्चीवर बसता येईल. लोखंडी पाय आणि पायडल मात्र माळ्यावर ठेवा, तेही देऊ नका.

तेल नवीन आणा, शिलाई मशीनचं पातळ. घरातल्या जुन्या बाटलीतलं नको. आणि खाली कापड नसताना दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवून चाक फिरवू नका, दात घासतात.

शेवटी एक काम, हे आधी केलंत तरी चालेल. मशीनच्या पाटावर, उजव्या बाजूला खांबाच्या पायाशी, नंबर उठवलेला आहे. त्यावर बरीच मळी असेल. तेलाच्या फडक्याने पुसा, बॅटरी तिरकी धरून वाचा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. आकड्याआधी ‘वाय’ असेल तर ते १९२२ ते १९३५ या काळातलं, क्लाइडबँकचंच. दुसरं अक्षर असेल तर तेही कळवा, मी इथे शोधून साल सांगतो. भंगारवाला पुन्हा दारात आला तर त्याला रद्दी द्या.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. आईने थंडीत गुडघ्यांना शेक घ्यावा. दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. तिच्या फ्रॉकसाठी इथून सुती कापड घेऊन ठेवलंय, छातीचं आणि उंचीचं माप कळवा.

तुमचा,
धाकटा